पिनाक रॉकेट प्रक्षेपक वाहनाची प्रतिकृती

तयार किट न वापरता प्लास्टिकचे पत्रे, नळ्या आणि तारा अशा कच्च्या मालातून प्रत्येक भाग स्वतः घडवून उभारलेल्या लघुप्रतिकृतीला स्क्रॅच-बिल्ट मॉडेल म्हणतात. पिनाक हा या कामासाठी उत्तम, पण कसोटी पाहणारा विषय आहे. पुण्याच्या एआरडीई या संरक्षण संशोधन संस्थेने विकसित केलेली ही प्रणाली १९९९ च्या कारगिल युद्धात वापरली गेली. आठही चाकांना इंजिनाची ताकद मिळणाऱ्या टाट्रा ट्रकवर प्रत्येकी सहा रॉकेटांचे दोन संच बसवलेले असतात आणि बारा रॉकेटे ४४ सेकंदांत सुटतात.

मापांचा पाया रॉकेटावरूनच घालता येतो. त्याचा व्यास २१४ मिमी असल्याने १:३५ प्रमाणात तो ६.१ मिमी भरतो. १:७२ प्रमाणात तो जेमतेम ३ मिमी राहतो आणि बारीक तपशील दाखवणे अवघड होते. उरलेली मापे प्रजासत्ताक दिनाच्या संचलनातील छायाचित्रांवरून काढावी लागतात. त्यासाठी दुरून, बरोबर बाजूने टिपलेले छायाचित्र निवडावे, कारण जवळून घेतलेल्या चित्रात पुढचे चाक मागच्यापेक्षा मोठे दिसते आणि सगळी मोजमापे बिघडतात.

खरी परीक्षा सांगाड्याची असते. टाट्राच्या मधोमध कण्यासारखी एक जाड नळी जाते आणि तिला दोन्ही बाजूंनी जोडलेले अर्धे आस स्वतंत्रपणे वरखाली झुलतात. डावा व उजवा अर्धा आस नेमके समोरासमोर नसून किंचित पुढेमागे असतात. शिवाय वाहनावर भार नसला की चाकांचे तळ आत ओढले जातात. ही ठेवण साधली नाही, तर वरचे काम कितीही सुबक असले तरी तो टाट्रा वाटत नाही. आठ चाके एकसारखी हवीत, म्हणून एकच चाक लेथवर कातून, त्याचा सिलिकॉन रबराचा साचा घेऊन बाकीची रेझिनमध्ये ओतणे श्रेयस्कर.

चालककक्षाच्या सपाट भिंतींसाठी स्टायरीन या प्लास्टिकचा १ मिमी जाडीचा पत्रा पुरतो. तो आरपार कापण्याऐवजी सुरीने खोल रेघ मारून मोडला की कड सरळ येते. सांध्याला पातळ द्रवरूप सिमेंटचा, म्हणजे प्लास्टिक जोडणाऱ्या चिकटद्रव्याचा, ब्रश टेकवावा; ते आपोआप फटीत ओढले जाते.

रॉकेटे ज्यातून सुटतात त्या नळ्या पितळेच्या घ्याव्यात आणि समांतर राहण्यासाठी भोके पाडलेल्या दोन पट्ट्यांमध्ये ओवून चिकटवाव्यात. तोंडे उघडी दाखवायची असल्यास आतली कड शंक्वाकार पात्याने तासावी, म्हणजे जाड भिंत पातळ भासते. प्रक्षेपक माऱ्यासाठी उचललेला दाखवला, तर वाहनाला स्थैर्य देणारे चारही हायड्रॉलिक जॅक जमिनीवर टेकलेले असले पाहिजेत.