सिम फुकट मिळतं, मग कंपनीला पैसे कुठून?

प्लास्टिकचं कार्ड आणि त्यावरची चिप, एवढ्याचा कंपनीला पडणारा खर्च एका महिन्याच्या रिचार्जपुढे किरकोळ असतो. टॉवर आणि स्पेक्ट्रम (सरकारकडून घेतलेल्या रेडिओ लहरी) यांवरचा मोठा खर्च आधीच झालेला असतो, एक ग्राहक वाढला म्हणून तो फारसा वाढत नाही. सिमचे पैसे मागून गिऱ्हाईक दारातून परत पाठवण्यात कंपनीचंच नुकसान.

पूर्वी आणखी एक कारण होतं. दुसऱ्या कंपनीच्या नंबरवरून फोन आला की तो घेणाऱ्याच्या कंपनीला मिनिटामागे पैसे मिळत: ऑक्टोबर २०१७ पर्यंत १४ पैसे, मग ६ पैसे आणि १ जानेवारी २०२१ पासून शून्य. म्हणजे रिचार्ज न करता नुसते फोन घेणारं गिऱ्हाईकही कमाई करून देत होतं. ती कमाई आटत गेली, तशी २०१८ च्या अखेरीस फक्त इनकमिंग चालू ठेवायलाही किमान रिचार्ज करावा लागू लागला. ‘लाइफटाइम’ घेतलेलं सिम बंद का पडलं, असं अनेक जण विचारतात. त्याचं मूळ इथे आहे.

आता वसुली रिचार्जमधून होते. दुकानदाराचं कमिशनही नंबर चालू होऊन पहिला रिचार्ज पडण्यावर असतं, म्हणून ‘सिम फुकट, पण एवढ्याचा रिचार्ज मारा’ असं ऐकू येतं. रकमेपेक्षा दिवस बघा. २८ दिवसांचा प्लॅन म्हणजे वर्षाला १२ नव्हे, १३ रिचार्ज. ट्राय या दूरसंचार नियामकाच्या २०२२ च्या नियमानुसार ३० दिवसांचा एक आणि दर महिन्याच्या त्याच तारखेला भरायचा एक, असे प्लॅन प्रत्येक कंपनीने ठेवायचे आहेत. कोणी आपणहून सांगत नाही, मागून घ्या.

नवं सिम घेताना
रस्त्यावरच्या छत्रीखाली ‘फोटो नीट आला नाही, पुन्हा काढू’ म्हटलं की सावध व्हा. दुसऱ्या फोटोवर किंवा अंगठ्यावर तुमच्या नावाने आणखी एक सिम चालू करण्याची युक्ती जुनी आहे. सरकारच्या संचार साथी पोर्टलवर तुमच्या नावावरचे सगळे नंबर दिसतात. अनोळखी नंबर तिथूनच कळवा. एका व्यक्तीला जास्तीत जास्त ९ सिम घेता येतात (जम्मू-काश्मीर, आसाम आणि ईशान्येत ६).

नंबर तोच ठेवून कंपनी बदलायची असेल तर
इंग्रजीत ‘पोर्ट’ लिहून, एक जागा सोडून दहा अंकी नंबर टाका आणि १९०० वर पाठवा. आठ अक्षरी कोड येईल, तो नव्या कंपनीकडे अर्ज करताना द्यायचा. तो ४ दिवस चालतो. सध्याच्या कंपनीत ९० दिवस झालेले नसतील किंवा पोस्टपेडचं बिल थकलं असेल तर अर्ज अडकतो. सिम नुकतंच बदललं असेल तर ७ दिवस कोडच मिळत नाही. एकाच सर्कलमध्ये (टेलिकॉम विभागात) ३ कामाचे दिवस लागतात, सर्कल बदलत असेल तर ५. गोवा महाराष्ट्र सर्कलमध्येच येतं, मुंबईचं सर्कल मात्र वेगळं. प्रीपेडची शिल्लक बुडते, आधी संपवा.

जादा सिम घरात पडून असेल तर
सलग ९० दिवस कॉल, मेसेज, डेटा काहीच वापरलं नाही तर नंबर बंद होऊ शकतो. प्रीपेड सिमच्या खात्यात २० रुपये असतील तर ते कापून आणखी ३० दिवस मिळतात. बंद झालेला नंबर पुढे दुसऱ्याला दिला जातो आणि तुमच्या बँकेचे ओटीपी त्याच्याकडे जाऊ लागतात. म्हणून सिम सोडून देण्याआधी बँक, आधार आणि गॅस एजन्सीकडचा नंबर बदलून घ्या.