व्होकल रेझोनन्स आणि त्यातले बिघडलेले आवाज

पेशंट बोलत असताना त्याच्या पाठीवर किंवा छातीवर स्टेथोस्कोप ठेवला की जे ऐकू येतं ते व्होकल रेझोनन्स. फुप्फुस ठणठणीत असेल तर शब्द कळत नाहीत, नुसती घुमी गुणगुण येते, कोणीतरी सोलापुरी चादर डोक्यावरून घेऊन आतून बोलतंय अशी, कारण हवेने भरलेलं फुप्फुस आवाजातला बारीक, उंच पट्टीचा भाग अडवतं आणि जाडा भाग तेवढा बाहेर सोडतं. न्यूमोनियात हवेच्या जागी पू भरून फुप्फुस घट्ट झालं की तो बारीक भागही थेट कानात येतो.

मग शब्द मोठे आणि जवळून आल्यासारखे वाटले तर ती ब्रॉन्कोफोनी. पेशंट कुजबुजतोय तरी अक्षर न् अक्षर कळतंय, तर व्हिस्परिंग पेक्टोरिलोक्वी (नाव पाठ करताना मेडिकलच्या पोरांची बोबडी वळते, अर्थ एवढाच की छाती बोलते). सगळ्यात मजेशीर ईगोफोनी, पेशंट म्हणतो 'ई' आणि आपल्याला ऐकू येतो 'ए', तोही नाकातला, थरथरता, शेळीच्या बें-बेंसारखा. नावही ग्रीक शेळीवरूनच, ठेवलं फ्रेंच डॉक्टर लाएनेकने, ज्याने 1816 मध्ये पॅरिसला कागदाची सुरळी करून पहिला स्टेथोस्कोप बनवला आणि 1819 मध्ये त्यावर पुस्तक काढलं. छातीत पाणी झालं असेल तर ही शेळी पाण्याच्या वरच्या कडेला सापडते, खाली पाण्यावर मात्र आवाज दबतो.

डॉक्टरीच्या पुस्तकात पेशंटला 'नाइन्टी नाइन' म्हणायला लावा असं असतं, पण सोलापुरात ओपीडीत ते कोण म्हणणार? बिड्या वळणाऱ्या मावशी तेलुगूत 'ओकटी, रेंडू, मूडू' म्हणतात, अक्कलकोटकडचे आजोबा कन्नडमध्ये 'ओंदू, एरडू, मूरू', बाकीच्यांना 'एक दोन तीन म्हणा की, जरा मोठ्यानं'. आकडा कुठलाही चालतो, फक्त डाव्या-उजव्या बाजूला त्याच जागी, तेवढ्याच आवाजात म्हणवून घ्यायचं आणि तुलना करायची. पदराआड पुटपुटलं तर काही कळत नाही. 'ई' मात्र चारही भाषांत आहे त्यामुळे तिथे भाषेची अडचण येत नाही.

एक घोळ लक्षात ठेवायचा, त्या भागाची श्वासनळी कफाच्या गोळ्याने बुजली असेल तर न्यूमोनिया असूनही यातलं काहीच ऐकू येत नाही, उलट आवाज कमीच होतो, म्हणून आधी जोरात खोकायला लावून मग परत ऐकतात.