फिल्टर, मत्स्यतळ्याचा

परसातील वा अंगणातील छोट्या तळ्यात मासे पाळताना पाण्यातला गाळ अडवणारे आणि माशांनी सोडलेल्या अमोनियाचा निरास करणारे साधन. पंपाने उचललेले किंवा तळाच्या निचरा-नळातून आपसूक वाहत आलेले पाणी त्यातून जाऊन पुन्हा तळ्यात पडते. मासे मोजके आणि पाणवनस्पती भरपूर असतील, तर फिल्टरवाचूनही भागते. दाटी वाढली की तो अपरिहार्य होतो.

शोभेचे मासे पाळण्याची प्रथा फिल्टरहून कितीतरी जुनी आहे. चीनमध्ये सुंग काळात सोनमासे तळ्यांत पाळले जात, तर जपानच्या नीगाता भागात कोई हे रंगीत मासे बहुधा एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात निपजू लागले. फिल्टरचे मूळ दोन ठिकाणी दाखवले जाते. एक, पिण्याचे पाणी गाळणारे वाळूचे थर : स्कॉटलंडमधील पेझ्ली येथे जॉन गिब याने 1804 मध्ये आणि लंडनच्या चेल्सी भागात जेम्स सिम्पसन याने 1829 मध्ये ते वापरले. दोन, सांडपाणी खडीवरून झिरपवण्याची पद्धत. तिचा पाया मॅसॅचूसेट्समधील लॉरेन्सच्या प्रयोगकेंद्रात (स्थापना 1887) घातला गेला. गाळणे या दृश्य कामामुळे पहिल्या परंपरेचा उल्लेख अधिक होतो. मात्र कार्यतत्त्व पाहता दुसरी जवळची वाटते, कारण तळ्याच्या फिल्टरचे मुख्य काम गाळण्याचे नसून सूक्ष्मजीवांना बसायला जागा आणि ऑक्सिजन देण्याचे आहे.

हे सूक्ष्मजीव नेमके कोणते, याविषयीचे मत बदलत आले आहे. अमोनियाचे नायट्रेट होणे ही सजीवांची क्रिया असल्याचे श्लोझिंग आणि म्यूंत्झ या फ्रेंच शास्त्रज्ञांनी 1877 मध्ये दाखवले : वाळूतून झिरपणाऱ्या सांडपाण्यात चालू असलेली ही क्रिया क्लोरोफॉर्मची वाफ देताच थांबली. सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ विनोग्राड्स्की यांनी 1890 च्या सुमारास संबंधित जीवाणू वेगळे केले. पुढे नायट्रोसोमोनास अमोनियाचे नायट्राइट करतो आणि नायट्रोबॅक्टर नायट्राइटचे नायट्रेट, ही जोडी पाठ्यपुस्तकांत रूढ झाली. मत्स्यटाक्यांतील नायट्राइटचे काम मुख्यतः नायट्रोस्पायरा करतो, असे 1998 मधील संशोधनात आढळले. सिॲटल येथील मत्स्यालयाच्या टाकीतून वेगळा केलेला, अमोनियावर जगणारा आर्किया (जीवाणूंहून वेगळ्या गटातील एकपेशी सूक्ष्मजीव) 2005 मध्ये प्रसिद्ध झाला. दोन्ही टप्पे एकट्याने पार पाडणारे नायट्रोस्पायरा 2015 मध्ये दोन गटांना स्वतंत्रपणे सापडले. त्यांपैकी एका गटाचा नमुना मत्स्यशेतीच्या जैव फिल्टरमधलाच होता. अमोनिया अत्यल्प असलेल्या स्थिरावलेल्या फिल्टरमध्ये आर्किया आणि हे नायट्रोस्पायरा वरचढ असावेत, हे मत अधिक ग्राह्य दिसते. बाटलीबंद जीवाणूंच्या उपयोगाबद्दल दुमत आहे. निरोगी माशांच्या जुन्या तळ्यातील वापरता स्पंज नव्या फिल्टरमध्ये ठेवणे त्याहून भरवशाचे.

एक ग्रॅम अमोनिया-नायट्रोजनाचे नायट्रेट होताना सिद्धांतानुसार सु. 4.57 ग्रॅम ऑक्सिजन आणि कॅल्शियम कार्बोनेटच्या मापात सु. 7.1 ग्रॅम क्षारता (आम्ल शोषून सामू, म्हणजे pH, स्थिर ठेवण्याची पाण्याची क्षमता) खर्ची पडते. म्हणून फिल्टर चोख चालत असलेल्या तळ्यातही क्षारता हळूहळू संपून सामू एकाएकी कोसळू शकतो. अमोनियाची विषाक्तताही सामूवर ठरते. 25° से. तापमानाला एकूण अमोनियापैकी विषारी, आयनरहित भाग सामू 7 असताना सु. 0.6 टक्के, 8 असताना सु. 5 टक्के आणि 9 असताना एक तृतीयांशाहून थोडा अधिक असतो. हिरव्या पाण्याचा सामू दुपारनंतर चढतो; त्यामुळे सकाळी निरुपद्रवी ठरलेले अमोनियाचे मोजमाप संध्याकाळी घातक ठरू शकते.

निवड : खोक्यावर छापलेली लिटर-क्षमता बहुधा विरळ मासे धरून दिलेली असते. खरे माप रोज पडणाऱ्या खाद्याचे. साध्या तळ्यात सगळे पाणी दोन तासांत एकदा आणि कोईच्या तळ्यात तासाला एकदा फिरावे, असा ढोबळ दंडक आहे. पंपाचा छापील प्रवाह मात्र पाणी उचलण्याच्या उंचीबरोबर घटतो. गाळ अडवणारा भाग (ब्रश, जाळी, फिरते ढोल) आधी आणि जैव माध्यम (ज्यावर सूक्ष्मजीव वाढतात तो भराव) नंतर हा क्रम उलटवू नये. माध्यमावर चिखल बसला की जीवाणूंना ऑक्सिजन मिळत नाही. माध्यम म्हणून स्पंज, चटया किंवा पाण्यात घुसळत राहणारे प्लॅस्टिकचे तुकडे वापरतात. जंबुपार (अल्ट्राव्हायोलेट) दिवा (तरंगलांबी सु. 254 नॅनोमीटर) तरंगत्या शैवलाने हिरवे झालेले पाणी निवळवतो. अमोनियावर वा तंतुमय शैवलावर त्याचा इलाज चालत नाही, आणि दिवा पेटलेला दिसला तरी साधारण वर्षभरात त्याचे तेज उतरते. झिओलाइट हे खनिज अमोनिया शोषते, पण पाण्यात मीठ टाकल्यास तो परत सोडते.

निगा : नवा फिल्टर तयार होण्यास उबदार पाण्यात साधारण चार ते सहा आठवडे लागतात. तोवर मासे थोडे ठेवून खाद्य आखडते घ्यावे. आधी अमोनिया आणि मग नायट्राइट वाढते. नायट्राइटने माशांचे रक्त तपकिरी पडून ऑक्सिजन वाहून नेईनासे होते. थोडे मीठ टाकल्यास त्यातील क्लोराइडमुळे कल्ल्यांवाटे शिरणारे नायट्राइट कमी होते. गाळाचा भाग वरचेवर धुवावा. जैव माध्यम क्वचितच, तळ्याच्याच पाण्यात आणि एका वेळी निम्मेच खंगाळावे. क्लोरिनयुक्त नळाचे पाणी जीवाणूंना मारते. क्लोरामाइन तर पाणी रात्रभर उघडे ठेवूनही जात नाही. फिल्टर अहोरात्र चालू हवा. काही तास बंद पडल्यास आतले ऑक्सिजनविरहित पाणी फेकून मगच तो सुरू करतात. साचलेले नायट्रेट पाण्याचा काही भाग बदलून किंवा वनस्पतींकरवी घटवतात. पाणी 10° से. खाली गेले की सूक्ष्मजीव मंदावतात, पण मासेही जवळजवळ खाणे सोडतात.