बिनकेसांचा उंदीर आणि माणसाची गाठ

कर्करोगावरच्या नव्या औषधाच्या बातमीत ‘उंदरांमधली गाठ आकसली’ हे वाक्य हमखास असतं. ती गाठ पुष्कळदा माणसाची असते. खरं तर ती तिथे जगायलाच नको. धडधाकट उंदराच्या शरीरात माणसाच्या गाठीचा तुकडा रुजवला, तर उंदराची प्रतिकारशक्ती त्या तुकड्याला परका ठरवून थोड्याच दिवसांत संपवते. 1950च्या दशकात संशोधक हेलेन टूलन यांनी क्ष-किरण आणि कॉर्टिसोन देऊन प्राण्यांची प्रतिकारशक्ती आधी खिळखिळी केली आणि मग त्यांच्यात मानवी गाठी वाढवल्या. पण अशा प्राण्यांवर औषध तपासायचं, तर ते आधीच अर्धमेले झालेले असत.

मार्ग सापडला तो योगायोगाने. 1962मध्ये ग्लासगोच्या रुचिल रुग्णालयातल्या विषाणू प्रयोगशाळेत एन. आर. ग्रिस्ट यांना अंगावर केस नसलेले उंदीर दिसले. 1966मध्ये एस. पी. फ्लॅनगन यांनी हा दोष एका जनुकाचा असल्याचं दाखवलं आणि त्याला ‘न्यूड’ (नग्न) हे नाव मिळालं. केस नसणं हा मात्र त्यातला किरकोळ भाग होता. 1968मध्ये पँटेलूरिस यांच्या लक्षात आलं की या उंदरांना थायमस ग्रंथीच नाही. टी पेशी तयार होतात त्या थायमसमध्ये, आणि परका अवयव ओळखून नाकारण्याचं काम मुख्यतः त्यांचंच. पुढच्याच वर्षी कोपनहेगनमध्ये रिगार्ड आणि पोव्हल्सन यांनी माणसाच्या मोठ्या आतड्यातली गाठ या उंदरांत रुजवली. ती वाढली. एका उंदरातून दुसऱ्यात नेली, तरी वाढत राहिली.

अमेरिकेच्या नॅशनल कॅन्सर इन्स्टिट्यूटला याची निकड होती. 1955पासून तिथे हजारो रसायनं मुख्यतः उंदराच्याच ल्युकेमियावर, म्हणजे रक्ताच्या कर्करोगावर, तपासली जात होती. या चाळणीतून रक्ताच्या कर्करोगावर चालणारी औषधं निघाली, पण फुप्फुस, आतडं, स्तन यांच्या गाठींपुढे ती फिकी पडत. चाळणीच ल्युकेमियाची, तेव्हा यात नवल नाही. 1970च्या दशकाच्या मध्यावर तिथल्या चाचण्यांत न्यूड उंदरांत रुजवलेल्या मानवी गाठी आल्या. टॅक्सॉल या कर्करोगावरच्या औषधाकडे लक्ष वळवणाऱ्या निकालांत अशाच एका उंदरातली स्तनाची मानवी गाठ होती.

उंदीर आणखी ‘रिकामा’ करण्याची धडपड पुढेही चालू राहिली. 1983मध्ये फिलाडेल्फियात टी पेशी आणि प्रतिपिंडं बनवणाऱ्या बी पेशी अशा दोन्ही नसलेला ‘स्किड’ नावाचा उंदीर सापडला. 2000च्या दशकात ज्यांच्यात नैसर्गिक मारक पेशीही (प्रतिकारशक्तीतल्याच आणखी एका प्रकारच्या पेशी) नाहीत असे उंदीर आले. न्यूड उंदरात न रुजणाऱ्या गाठीही यांच्यात रुजू लागल्या.

मग हिशेब मांडला गेला. 2001मध्ये त्याच इन्स्टिट्यूटच्या संशोधकांनी 39 औषधांचे उंदरांतले आणि रुग्णांतले निकाल शेजारी ठेवले. उंदरात आतड्याच्या गाठीवर चाललेलं औषध माणसाच्या आतड्याच्या कर्करोगावर चालेलच, असं दिसेना. मात्र तपासलेल्यांपैकी निदान एक तृतीयांश गाठींवर परिणाम करणारी औषधं माणसाच्या कुठल्या ना कुठल्या कर्करोगावर उपयोगी पडण्याची शक्यता जास्त होती. माझ्या मते हा निकाल पुरेसा ऐकला गेला नाही, कारण तो कुणाच्याच सोयीचा नव्हता.

दोष पद्धतीतच होता. बऱ्याच गाठी वर्षानुवर्षं काचपात्रात वाढवलेल्या पेशींच्या असत आणि कॅलिपरने मापायला सोपं म्हणून कातडीखाली टोचल्या जात. म्हणून रुग्णाच्या शस्त्रक्रियेतून काढलेला तुकडा थेट उंदरात रुजवण्याकडे कल वाढला. पण 2017मध्ये दिसून आलं की अशा गाठींची गुणसूत्रं उंदराच्या शरीरात बदलत जातात, आणि तेही रुग्णाच्या शरीरात बदलतात तशी नव्हे.

तोवर प्रतिकारशक्तीलाच कामाला लावणारी औषधं आली होती. ज्या उंदरात प्रतिकारशक्तीच नाही, त्यात ती काय तपासणार? आता त्याच उंदरांत मानवी रक्तपेशींच्या मूळ पेशी सोडून माणसाची प्रतिकारशक्ती उभी करतात. बहुतेक वेळा गाठ एका माणसाची असते आणि रक्तपेशी दुसऱ्याच्या. मग गाठ आकसली, तर ती औषधाने आकसली की त्या पेशींना ती परकी वाटली म्हणून, हे आधी सोडवावं लागतं.