अंगावरचं पित्त : गोळी रोजच का घ्यायची?

अंगावर पित्त उठणं विदर्भातल्या खेड्यांत इतकं ओळखीचं आहे की त्यासाठी डॉक्टरकडे जायचं असतं, हेच अनेकांच्या मनात येत नाही. कुणी गेरूचा लेप लावतं, कुणी आमसुलाचं पाणी चोळतं, कुणी अंगावर घोंगडी ओढून बसतं. एखाद्या दिवशी उठलेलं पित्त त्यानं बसल्यासारखं वाटतंही, कारण ते काही तासांत आपोआप बसणारच असतं. अडचण होते ती दिवाळीत सुरू झालेलं पित्त होळी आली तरी थांबत नाही तेव्हा.

सहा आठवड्यांपेक्षा जास्त काळ गांधी, म्हणजे पित्ताचे लाल, फुगीर चट्टे, येत-जात राहिल्या तर वैद्यकात त्याला दीर्घकालीन पित्त म्हणतात. शंभरातल्या साधारण एका माणसाला आयुष्यात कधी ना कधी हा त्रास होतो, आणि पुरुषांपेक्षा बायकांना जास्त. जीव सहसा जात नाही, पण झोप जाते, आणि झोप गेलेल्या माणसाला सकाळी उठून मजुरीला जायचंच असतं.

यवतमाळ जिल्ह्यातल्या एका शेतमजूर मावशींचं सांगतो. कापूस वेचताना दिवसभर कमरेला ओटी बांधलेली. संध्याकाळी भाकरी थापायला बसल्या की बरोबर त्या बांधलेल्या पट्ट्यावर लाल, फुगीर गांधी उठायच्या. रात्री मांड्यांवर, पाठीवर, कधी ओठावर सूज. गावातल्या दवाखान्यात दर वेळी इंजेक्शन मिळायचं. "सुई लावली का दोन दिस बरं वाट्टे, मंग पुन्हा तेच," त्या म्हणाल्या. गोळ्या दिल्या होत्या का, विचारलं, तर पदराच्या गाठीतून सेटिरिझिनची अर्धी पट्टी निघाली. "खाज सुटली का घेतो ना!"

औषध बरोबर होतं, घेण्याची पद्धत चुकत होती. ती का चुकत होती हे कळायला त्या गांधीच्या आत काय चालतं ते बघावं लागेल.

आपल्या त्वचेत, बारीक रक्तवाहिन्या आणि नसांच्या टोकांजवळ, मास्ट पेशी असतात. जर्मन शास्त्रज्ञ पॉल एर्लिश यांनी १८७८ साली, विद्यार्थी असतानाच, त्यांना हे नाव दिलं. या पेशींच्या पोटात दाणे भरलेले असतात आणि त्या दाण्यांत हिस्टामिन नावाचं रसायन. पेशी चिथावली गेली की दाणे बाहेर सुटतात. हिस्टामिन रक्तवाहिनीवर जाऊन बसलं की ती फुलते, म्हणून त्वचा लाल होते. तिच्या भिंतीच्या फटी उघडतात आणि रक्तातलं पाणी बाहेर झिरपतं, म्हणून गांध फुगते. नसेच्या टोकाला हिस्टामिन लागलं की खाज सुटते. लाली, फुगवटा आणि भोवती पसरणारा लालसर पट्टा ही तिहेरी प्रतिक्रिया थॉमस लुईस या ब्रिटिश डॉक्टरांनी १९२७ साली सविस्तर मांडली. हातावर नखाने रेघ ओढल्यावर काही जणांची रेघ पाच-दहा मिनिटांत दोरीसारखी उठून येते, तिथे हेच घडत असतं. घोंगडीच्या खरखरीत लोकरीने अंग घासलं की क्षणभर खाज मरते खरी, पण घर्षणाने आणखी दाणे सुटून नव्या गांधी उठू शकतात.

मग या पेशींना चिथावतं कोण? बहुतेकांना वाटतं, खाण्यातलं काहीतरी. म्हणून वांगं बंद, शेंगदाणे बंद, अंडी बंद, आंबट बंद. दीर्घकालीन पित्तात अन्नाची अॅलर्जी हे कारण क्वचितच निघतं. अन्नाची अॅलर्जी असली तर तो पदार्थ खाल्ल्यावर सहसा तासा-दोन तासांत त्रास होतो, आणि खाल्ला की जवळजवळ दर वेळी होतो. आठ दिवसांपूर्वीच्या भरीताचा आजच्या गांधींशी संबंध नसतो. बऱ्याच रुग्णांत शरीराची स्वतःची प्रतिकारशक्तीच मास्ट पेशींना चिथावणारी प्रतिद्रव्यं बनवते. म्हणूनच अशा रुग्णांत थायरॉइडचे विकारही जास्त आढळतात. आधीच हिमोग्लोबिन कमी असलेल्या बाईने या भीतीपोटी अंडी आणि शेंगदाणे सोडावेत, याचं मला फार वाईट वाटतं. हजारो रुपयांच्या अॅलर्जी चाचण्यांनीही या आजारात सहसा काही हाती लागत नाही.

आता गोळीकडे येऊ. हिस्टामिनला काम करायला पेशीवरची एक ठरावीक जागा लागते, तिला एच-वन ग्राहक म्हणतात. मावशींच्या सेटिरिझिनसारखी अँटिहिस्टामिन गोळी हिस्टामिन नष्ट करत नाही आणि मास्ट पेशीचं तोंडही बांधत नाही. ती फक्त ही जागा आधी अडवते आणि ग्राहकाला बंद अवस्थेत धरून ठेवते. यात्रेच्या दिवशी एसटी फलाटाला लागली की खिडकीतून रुमाल टाकून जागा धरतात ना, तसंच. गाडी भरल्यावर रुमाल टाकून काय उपयोग? मावशी तेच करत होत्या. खाज सुटते तेव्हा हिस्टामिन जागेवर बसलेलं असतं आणि पाणी झिरपून गेलेलं असतं. झिरपलेलं पाणी गोळी परत ओढून आणत नाही. ती पोटातून रक्तात जाऊन नीट काम करायला लागेपर्यंत तासभर जातो, तोवर अनेक गांधी आपोआप मावळायला लागलेल्या असतात. म्हणून दीर्घकालीन पित्तात गोळी रोज, ठरलेल्या वेळी घ्यायची. पित्त उठलं तरी आणि नाही उठलं तरी.

या औषधांची सुरुवात १९३७ साली पॅरिसच्या पाश्चर संस्थेत झाली. तिथे डॅनियल बोव्हे आणि अॅन-मारी स्टॉब यांनी हिस्टामिनला अडवणारं पहिलं रसायन शोधलं. ते माणसाला देण्याजोगं नव्हतं, पण वाट सापडली होती. बोव्हे यांना १९५७ साली नोबेल मिळालं. सुरुवातीच्या पिढीतली क्लोरफेनिरामिनची गोळी, म्हणजे आपली सीपीएम, अजून सर्रास दिली जाते. ती मेंदूत शिरते, त्यामुळे गुंगी येते, आणि सकाळी डोळे उघडले तरी हात-डोळ्यांचा मेळ ढिला राहू शकतो. थ्रेशरवर पेंढ्या सोडणाऱ्या, ट्रॅक्टर चालवणाऱ्या किंवा कठडा नसलेल्या विहिरीवर रात्रीची मोटर सुरू करायला जाणाऱ्या माणसासाठी हा लहान दुष्परिणाम नाही. दुसऱ्या पिढीतल्या सेटिरिझिन, लेव्होसेटिरिझिन, लोरॅटाडिन, फेक्सोफेनाडिन, बिलास्टिन या गोळ्या मेंदूत फारच कमी जातात, म्हणून दीर्घकालीन पित्तासाठी आज याच आधी द्यायच्या असतात. त्यांतल्या त्यात सेटिरिझिनने काहींना पेंग येते. फेक्सोफेनाडिनने जवळजवळ येत नाही.

प्रौढांसाठी नेहमीची मात्रा सेटिरिझिन १० मिलिग्रॅम किंवा फेक्सोफेनाडिन १८० मिलिग्रॅम, दिवसातून एकदा. दोन ते चार आठवडे रोज घेऊनही पित्त आटोक्यात आलं नाही तर मात्रा चौपटीपर्यंत वाढवता येते, असं आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वं सांगतात. ही वाढ डॉक्टरनेच करायची. सेटिरिझिन मुख्यतः लघवीवाटे बाहेर पडतं, त्यामुळे मूत्रपिंड कमजोर असेल तर मात्रा उलट कमी करावी लागते. अकोला, बुलढाणा, अमरावतीच्या खारपाणपट्ट्यात मूत्रपिंडाच्या तक्रारी गावोगाव ऐकू येतात; तिथल्या रुग्णाने ही गोष्ट स्वतःहून डॉक्टरच्या कानावर घालावी. गरोदर किंवा अंगावर पाजणाऱ्या बाईनेही आधी तसं सांगावं.

वरूड-मोर्शी, काटोल-नरखेडच्या संत्रापट्ट्यातल्या वाचकांसाठी एक खास सूचना. फेक्सोफेनाडिन फळांच्या रसासोबत घेऊ नका. संत्र्याच्या किंवा सफरचंदाच्या रसाने हे औषध आतड्यातून रक्तात कमी जातं, म्हणजे गोळी पोटात जाऊनही काम अर्धवट राहतं. संत्री खुशाल खा, गोळी मात्र साध्या पाण्यासोबत घ्या. तसंच पोटातल्या पित्तासाठी लोक पितात त्या गुलाबी-पांढऱ्या औषधांतलं अॅल्युमिनियम आणि मॅग्नेशियमही फेक्सोफेनाडिनला अडवतं. पोटातलं पित्त आणि अंगावरचं पित्त हे दोन वेगळे त्रास आहेत. एकाचं औषध दुसऱ्यावर चालत नाही.

मावशींच्या बाबतीत आणखी एक गोष्ट निघाली. कंबर दुखते म्हणून त्या किराणा दुकानातून डायक्लोफेनॅकची गोळी आणून घेत असत. ॲस्पिरिन, आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक या वेदनाशामकांनी दीर्घकालीन पित्त अनेकांत भडकतं. अंगमेहनतीच्या गावांत या गोळ्या चहासारख्या खपतात, म्हणून रुग्णाला हा प्रश्न विचारायलाच हवा. बहुतेकांना त्याऐवजी पॅरासिटामॉल चालतं. ओटीच्या पट्ट्यावर उठणारं पित्त दाबामुळे येतं, ते दाब पडल्यावर काही तासांनी उगवतं आणि गोळ्यांना थोडी कमी दाद देतं. तिथे ओटीची बारीक दोरी काढून रुंद, मऊ कापड बांधणं हाही उपचाराचा भागच. घामाने उठणारं पित्तही असतं. तापमान ४५ अंशांच्या पुढे जाणाऱ्या आपल्या उन्हाळ्यात त्याला वेगळं निमंत्रण लागत नाही.

आणि ती सुई. त्यात बहुधा डेक्सामिथासोन, म्हणजे स्टेरॉइड असतं. पित्त फारच भडकलं तर थोड्या दिवसांसाठी स्टेरॉइड देतात, ते योग्यही असतं. पण दर पंधरवड्याला टोचत राहिलं तर रक्तातली साखर आणि रक्तदाब वाढतो, हाडं ठिसूळ होतात, आणि औषध उतरलं की पित्त पुन्हा हजर. गोळ्यांच्या वाढीव मात्रेनेही भागलं नाही तर ओमालिझुमॅब नावाचं इंजेक्शन आहे, ते चार आठवड्यांतून एकदा देतात. ते महाग आहे, पण यवतमाळ, अकोला, नागपूर किंवा सेवाग्रामच्या वैद्यकीय महाविद्यालयांतल्या त्वचारोग विभागात जाऊन त्याबद्दल विचारायला हरकत नाही.

जीभ किंवा घसा सुजला, आवाज बसला, श्वास लागला, चक्कर आली तर गोळीची वाट बघत बसू नका. तिथे अॅड्रेनालिनचं इंजेक्शन लागतं. १०८ ला फोन करा. एकच गांध चोवीस तासांपेक्षा जास्त टिकली किंवा जाताना काळानिळा डाग ठेवून गेली तर तो वेगळा आजार असू शकतो, आणि त्यासाठी त्वचेचा तुकडा तपासावा लागतो.

डॉक्टरकडे जाताना "लय त्रास आहे" एवढंच सांगण्यापेक्षा भिंतीवरच्या कॅलेंडरवर रोज दोन आकडे लिहा. दिवसभरात गांधी आल्याच नाहीत तर ०, विसापेक्षा कमी आल्या तर १, पन्नासपर्यंत २, त्याहून जास्त ३. खाजेलाही तसेच ० ते ३ : अजिबात नसेल तर ०, फार जास्त असेल तर ३. आठवड्याची बेरीज जास्तीत जास्त ४२ होते. जगभरचे त्वचारोगतज्ज्ञ हेच मोजमाप वापरतात, आणि गोळी वाढवायची की तीच ठेवायची हे त्या बेरजेवरून ठरवणं सोपं जातं. बेरीज सलग काही महिने शून्यावर राहिली की डॉक्टर गोळी हळूहळू कमी करून बघतात. बहुतेकांचं पित्त काही वर्षांत आपोआप शमतं. गोळी कमी केल्यावर आकडे पुन्हा चढले तर आधीच्या मात्रेवर परत जायचं आणि थोड्या महिन्यांनी पुन्हा कमी करून बघायचं.