घोड्याचे खाणे, फुलाचे पाणी : इराणी वनस्पतिनामांचा प्रवास

इराणी भाषांमधील वनस्पतींची नावे अभ्यासताना एक गोष्ट सतत ध्यानात ठेवावी लागते: रोप आणि त्याचे नाव बरोबरीने प्रवास करतातच असे नाही. मात्र नाव कोणत्या काळात आणि कोणत्या वाटेने दुसऱ्या भाषेत शिरले, याचा पुरावा बहुधा त्याच्या उच्चारातच जपलेला असतो.

फारसी ‘गुल’ हा शब्द याचे उत्तम उदाहरण आहे. त्याचे प्राचीन इराणी रूप ‘वृद’ असे होते, असे भाषाशास्त्रज्ञ मांडतात. फारसीच्या वाटचालीत शब्दारंभीच्या ‘वृ’चा ‘गु’ झाला आणि ‘र्द’चा ‘ल’ झाला. हे बदल एकट्या फुलाच्या नावापुरते नव्हते. संस्कृत ‘वृक’ म्हणजे लांडगा, त्याचा सगोत्र, म्हणजे त्याच मूळ शब्दातून निघालेला, फारसी शब्द ‘गुर्ग’. ‘हृद्’चा सगोत्र ‘दिल’. आणि ‘शरद्’शी नाते सांगणारा शब्द झिजत झिजत ‘साल’ झाला, जो मराठीत आपण सर्रास वापरतो. आता आर्मेनियन आणि अरबी या दोन्ही भाषांत गुलाबाला ‘वर्द’ म्हणतात. दोघींनीही हा शब्द इराणीतूनच उचलला, अरबीने अरामी या पश्चिम आशियातील प्राचीन भाषेमार्फत. पण ‘वर्द’मधील ‘व’ आणि ‘र्द’ शाबूत आहेत, म्हणजे ही उचल फारसीतील ‘गुल’ या रूपावरून झालेली नाही. ग्रीक ‘ऱ्होदोन’ हाही याच गोतावळ्यातला, मात्र तो इराणींकडून आला की दोघांनीही तिसऱ्याकडून घेतला, यावर अभ्यासकांत एकमत नाही.

खुद्द फारसीत ‘गुल’चा अर्थ पुढे कोणतेही फूल असा सैल झाला आणि गुलाबासाठी ‘गुल-ए-सुर्ख’, म्हणजे तांबडे फूल, असे म्हणावे लागले. ‘गुलाब’ म्हणजे ‘गुल’ अधिक ‘आब’, फुलाचे पाणी. काशानजवळच्या कमसर गावात वसंताच्या अखेरीस पाकळ्या तांब्याच्या हंड्यांत उकळून जो अर्क काढतात, त्यालाच इराणमध्ये आजही गुलाब म्हणतात. भारतात हे नाव पाण्यावरून फुलावर सरकले आणि आपल्या ‘गुलाबपाण्या’त पाणी दोनदा पडले. अरबीत ‘ग’ऐवजी ‘ज’ आला व ‘जुलाब’ हे रूप गोड औषधी सरबतासाठी रुळले. तेथून हकिमांच्या रेचकांबरोबर ते मराठीपर्यंत पोहोचेतो अर्थाचे काय झाले, हे सांगायला नको! दुसरीकडे, इराणशी काडीचाही संबंध नसलेल्या झाडांना आपण ‘गुल’ जोडला: गुलमोहर मूळचा मादागास्करचा, तर गुलबक्षी आणि गुलछडी अमेरिका खंडातल्या.

धान्यांच्या नावांचे वय याहून अधिक आहे. फारसी ‘गंदुम’, कुर्दी ‘गनिम’, पश्तो ‘घनम’ आणि संस्कृत ‘गोधूम’ ही एकाच शब्दाची रूपे आहेत. ‘गोधूम’मधले गाय आणि धूर हे अपरिचित शब्दाला ओळखीचा चेहरा देण्याच्या लोकप्रवृत्तीतून आलेले दिसतात. ‘यव’ फारसीत ‘जव’ झाला, अर्थ सातूचाच राहिला, पण कॉकेशस पर्वतातील ओसेती या इराणी भाषेत तोच शब्द बाजरीवर्गातल्या बारीक धान्याला लागला. उलट्या दिशेची वाहतूकही होती. भारतातून वांग्याचे नाव फारसीत ‘बादिंगान’ झाले, अरबीतून पोर्तुगीजमध्ये ‘बेरिंजेला’ झाले आणि पोर्तुगीजांनी ते जहाजातून परत आणल्यावर भारतीय इंग्रजीत ‘ब्रिंजल’ बनले.

सर्वांत लांबचा पल्ला मात्र चाऱ्याच्या एका पिकाने गाठला. मध्य फारसीत, म्हणजे इस्लामपूर्व काळातील फारसीत, त्याचे नाव ‘अस्पस्त’ होते. ‘अस्प’ म्हणजे अश्व आणि पुढचा अंश ‘अद्’ या खाण्याच्या धातूचा. एकूण अर्थ घोड्याचे खाणे. घोडदळावर उभ्या असलेल्या साम्राज्यात या हिरव्या चाऱ्याची किंमत काय असावी, याचा अंदाज इराणचा सासानी सम्राट पहिला खुस्रो (इ.स. ५३१–५७९) याच्या सारापद्धतीवरून बांधता येतो. इतिहासकार तबरी सांगतो की एका जरीब (जमिनीचे एक माप) जमिनीवर गहू किंवा सातू असेल तर एक दिरहम, आणि हा चारा असेल तर सात दिरहम सारा होता. त्याहून जास्त, म्हणजे आठ दिरहम, फक्त द्राक्षमळ्यांवर होता. ग्रीकांकडे हे पीक इराणी सम्राट दारियसच्या स्वाऱ्यांबरोबर वायव्य इराणातील मीड लोकांच्या देशातून आले, असे रोमन लेखक प्लिनीने लिहून ठेवले आहे, आणि म्हणून त्याच्या शास्त्रीय नावात, ‘मेडिकागो सटायव्हा’मध्ये, मीडिया प्रांत कायमचा अडकला. औषधाशी (मेडिसिनशी) त्या नावाचा काही संबंध नाही. अरबांनी ‘अस्पस्त’चा ‘फिस्फिसा’ केला, स्पेनमध्ये त्याला अरबी ‘अल्’ हे उपपद चिकटले आणि ‘अल्फाल्फा’ तयार झाले.

हेच पीक महाराष्ट्रातले गोपालक लसूणघास म्हणून ओळखतात. ते ‘ल्यूसर्न’ या इंग्रजी नावाचे देशी वळण आहे आणि त्यात लसणाचा काही वाटा नाही. इराणच्या प्रमाण फारसीत मात्र ‘अस्पस्त’ आता फारसा बोलण्यात राहिलेला नाही. तेथील शेतकरी या चाऱ्याला ‘योंजे’ म्हणतात, आणि तो शब्द तुर्की भाषांमधून आलेला आहे.