सहकारी कारखान्याला ‘सीएसआर’ नसतो: शाळेच्या लेखन-वाचन उपक्रमासाठी देणगी कुठे मागायची आणि सीएसआर निधी कुठे

राधानगरीकडच्या एका शाळेचे गुरुजी परवा फाईल घेऊन आले. चौथी-पाचवीच्या मुलांकडून वर्षभर लिहून घ्यायचं, गावातल्या म्हाताऱ्यांच्या मुलाखती, भित्तिपत्रक, शेवटी एक हस्तलिखित, असा उपक्रम. सोबत वर्गातच छोटं ग्रंथालय. उपक्रम झकास होता. “मॅडम, कारखान्याच्या सीएसआरला अर्ज टाकून चार महिने झाले, उत्तरच नाही,” म्हणाले. सीएसआर म्हणजे कंपन्यांनी कायद्यानं समाजकामावर करायचा खर्च. कारखाना कुठला ते बघितलं, तर सहकारी. म्हटलं, गुरुजी, तिथं सीएसआर नावाचं खातंच नाही. तुमचा अर्ज कुठल्या टेबलावर जाणार होता?

शाळेला बाहेरून मिळणाऱ्या कुठल्याही पैशाला आपल्याकडे सीएसआर म्हणायची सवय लागलीय. पतसंस्थेनं कपाट दिलं, सीएसआर. दहावीच्या जुन्या बॅचनं भिंती रंगवून दिल्या, तोही सीएसआर. बोलताना काही बिघडत नाही, पण अर्ज लिहिताना बिघडतं. देणगी आणि सीएसआर निधी या दोन पैशांचा स्वभावच वेगळा आहे. एक माणसाच्या मनातून येतो, दुसरा कायद्याच्या कलमातून.

(‘अनुदान’ हा शब्द मी मुद्दाम टाळतेय. आपल्या स्टाफरूममध्ये तो उच्चारला की वीस टक्के, चाळीस टक्के अशी पगाराची चर्चा सुरू होते आणि मूळ विषय गेलाच.)

आधी कायद्याचं. कंपनी कायदा २०१३ चं कलम १३५ हे १ एप्रिल २०१४ पासून लागू झालं. कंपनीची निव्वळ मालमत्ता ५०० कोटी, उलाढाल १,००० कोटी किंवा निव्वळ नफा ५ कोटी, यांपैकी एक जरी आकडा आधीच्या आर्थिक वर्षात गाठला, तर तिला मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याचे २ टक्के समाजकामावर खर्च करावे लागतात. सरासरी नफा ६ कोटी असेल तर १२ लाख. कशावर खर्च करायचा त्याची यादी कायद्याच्या सातव्या परिशिष्टात आहे आणि शिक्षण त्या यादीत आहे. म्हणजे आपला विषय बसतो. अडचण येते ती देणारा कोण यावरून.

कोल्हापूर जिल्ह्यात पैसा कुणाकडे आहे? ऊस, दूध, पतसंस्था, सहकारी बँका. यातला मोठा भाग सहकार कायद्याखाली नोंदलेला आहे. सहकारी संस्था म्हणजे कंपनी नव्हे, त्यामुळे कलम १३५ तिला लागत नाही. खासगी साखर कारखाना कंपनी असतो, त्याला लागू शकतं. म्हणजे एकाच तालुक्यात ऊस घेणारे दोन कारखाने, एकाकडे सीएसआर आहे आणि दुसऱ्याकडे नाही, असं होऊ शकतं. एमआयडीसीतही तेच. शिरोली, गोकुळ शिरगाव, कागलकडे फाउंड्री आणि मशीनशॉपची रांग लागलेली आहे. त्यातल्या कितीतरी भागीदारी फर्म आहेत किंवा नफा पाच कोटींच्या खाली. मालक दिलदार असेल, देईलही, पण ती देणगी असेल. गेटवरच्या पाटीवर नावापुढे ‘प्रायव्हेट लिमिटेड’ आहे का, एवढं आधी वाचून यावं. मोठ्या कंपनीनं मागच्या वर्षी कशावर किती खर्च केला हे राष्ट्रीय सीएसआर पोर्टलवर कंपनीच्या नावानं शोधता येतं. ते न बघता अर्ज करणं म्हणजे दुकानाचं शटर बंद असताना बाहेरून हाका मारण्यासारखं.

म्हणून सहकारी संस्थेकडे जायचं ते देणगी मागायला. तिथं नफ्यातून सार्वजनिक कामासाठी रक्कम बाजूला काढता येते, पण वाट संचालक मंडळाच्या ठरावातून आणि वार्षिक सभेतून जाते. वार्षिक सभा सप्टेंबरअखेरपर्यंत उरकाव्या लागतात. सभेतल्या ‘मंजूर, मंजूर’ आणि ‘नामंजूर’च्या गदारोळात आपल्या हस्तलिखिताकडे कुणी बघणार नाही, हे आपल्या जिल्ह्यात वेगळं सांगायला नको. तेव्हा मे-जूनमध्येच आपल्या गटाच्या संचालकाला भेटायचं. तो बहुतेक आपल्याच शाळेत शिकलेला असतो. अर्ज एका पानाचा पुरतो, शाळा व्यवस्थापन समितीचा ठराव जोडला की झालं. मात्र शेवटी काय दिसणार ते सांगावं लागतं: किती वह्या, किती पुस्तकं, प्रकाशन कुणाच्या हस्ते. शेवटच्या प्रश्नाला कमी लेखू नका.

देणगीची खरी ताकद म्हणजे ती हिशेबाला सैल असते. वही कुठली घेतली, तीस ऐवजी पस्तीस मुलं झाली, मध्येच मुलांना कविता करायची लहर आली, कुणी विचारत नाही. लेखनाच्या कामाला हा सैलपणा फार मानवतो, कारण मुलं काय लिहितील ते जूनमध्ये सांगताच येत नाही. आणि तोटा? देणगीला दिसणारी वस्तू आवडते. कपाट मिळतं, पण कपाटातली पुस्तकं मुलांपुढे वाचून दाखवणाऱ्या ताईचं मानधन मिळत नाही. दुसरा तोटा तिच्या गोड स्वभावाचाच. आईच्या नावानं पाच हजारांची कायम ठेव, व्याजातून दरवर्षी निबंधाला बक्षीस, अशा ठेवी जुन्या शाळांत डझनानं आहेत. सात टक्क्यांनी वर्षाला साडेतीनशे रुपये येतात. त्यात तिघांना बक्षीस द्यायचं, वर देणगीदाराच्या घरच्यांना पत्र पाठवायचं. भावना मोठी, पण आता कुणी ठेव द्यायला आलं तर मी हळूच सुचवते, “तीच रक्कम तीन वर्षांत खर्चू द्या, आईच्या नावानं वाचनकोपरा करू.” निम्मे लोक मानतात.

देणगीदारांचा दुसरा प्रश्न पावतीचा. शाळा चालवणाऱ्या न्यासाकडे, म्हणजे ट्रस्टकडे, सगळे ‘८०जी’ म्हणून ओळखतात ती नोंदणी असेल, तर देणाऱ्याला साधारणपणे निम्म्या रकमेवर करसवलत मिळते, तीही तो जुन्या कररचनेत असेल तरच. दोन हजारांच्या वर रोख दिली तर सवलत नाही. आणि नुसती पावती फाडून भागत नाही. संस्थेनं देणगीदारांची यादी आयकर खात्याकडे ऑनलाइन भरून प्रमाणपत्र द्यावं लागतं. आमच्या ओळखीतल्या एका संस्थेनं हे एक वर्ष केलंच नाही. पुढच्या वर्षी त्याच देणगीदारानं नमस्कार केला, चहा पाजला आणि पाकीट काही काढलं नाही.

आता कंपनीकडचा पैसा. इथं अर्जदार कोण, हा पहिला प्रश्न. कंपनी दोन प्रकारे काम करते. एक, स्वतः करते: थेट पुस्तकं, साहित्य घेऊन शाळेत देते किंवा प्रशिक्षणाचा खर्च भागवते. जिल्हा परिषदेच्या शाळेला ही वाट सोपी. दुसरा प्रकार, संस्थेमार्फत. मग त्या न्यासाकडे धर्मादाय आयुक्तांकडची नोंदणी, आयकराच्या १२ए (संस्थेच्या उत्पन्नाला करसूट देणारी) आणि ८०जी नोंदण्या, अशा कामाचा किमान तीन वर्षांचा अनुभव आणि केंद्राच्या कंपनी मंत्रालयाकडे सीएसआर-१ हा अर्ज भरून मिळणारा नोंदणी क्रमांक लागतो. हा क्रमांक १ एप्रिल २०२१ पासून सक्तीचा आहे. मी स्वतः एकदा सोळा पानांचा प्रस्ताव नेला होता, मुलांच्या अक्षरातल्या कवितांसकट. समोरच्या अधिकाऱ्यानं पहिलं पान उलटलं, क्रमांक विचारला, नाही म्हटल्यावर फाईल मिटली. कवितांपर्यंत तो पोचलाच नाही. राग आला होता, पण त्याचं चुकलं नव्हतं.

दुसरी गोष्ट फार कमी शाळांना माहीत असते. एका दिवसाचे सोहळे सीएसआरमध्ये धरू नयेत, असं कंपनी मंत्रालयानं जून २०१४ च्या परिपत्रकात सांगितलं. म्हणजे ‘भव्य निबंध स्पर्धा, रोख बक्षिसे’ हा अर्ज कंपनीकडे न्यायचाच नाही, तो पतसंस्थेकडे न्या, तिथं तो शोभतो. कंपनीला कार्यक्रम वर्षभराचा हवा. तसंच, वहीच्या मलपृष्ठावर कंपनीच्या मालाची जाहिरात छापून वह्या वाटल्या, तर ते प्रायोजकत्व झालं. जाहिरातीच्या फायद्यासाठी केलेला खर्च सीएसआर धरला जात नाही. फक्त स्वतःच्या कामगारांच्या मुलांसाठीचा वर्गही चालत नाही.

मग प्रस्तावात लिहायचं काय? आपल्याकडचा प्रत्येक प्रस्ताव ‘राजर्षी शाहू महाराजांच्या पावनभूमीत’ असा सुरू होतो. मीही पाच-सहा तसेच लिहिलेत. १९१७ मध्ये महाराजांनी करवीर संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं, ही अभिमानाची गोष्ट आहेच. पण पुण्या-मुंबईत बसलेल्या माणसाला त्यातून तुमच्या चौथीच्या वर्गाचं काही कळत नाही. ‘छत्तीस मुलांपैकी अकरा मुलं स्वतःच्या मनानं तीन वाक्यं लिहू शकत नाहीत’ असं लिहिलं की कळतं. फक्त तो आकडा खरा हवा, आदल्या आठवड्यात वर्गात बसून काढलेला.

आणि इथंच लेखन उपक्रमाची खरी पंचाईत आहे. वाचनाला मोजमाप तयार आहे. जुलै २०२१ मध्ये सुरू झालेल्या निपुण भारत या केंद्राच्या पायाभूत वाचन-गणिताच्या अभियानात तिसरीच्या मुलानं अनोळखी उतारा मिनिटाला किमान ६० शब्द या वेगानं, समजून वाचावा असं ठरवलेलं आहे. लेखनासाठी असा सुटसुटीत आकडा नाही. कंपनीचा माणूस विचारतो, “सुधारणा कशी दाखवणार?” आणि आपण म्हणतो, “मुलं छान लिहू लागतील.” त्याला अहवालात ‘छान’ भरायला रकाना नसतो. मी शाळांना एकच करायला सांगते: जूनमध्ये प्रत्येक मुलाकडून ‘माझं घर’ किंवा ‘आमची गल्ली’ यावर लिहून घ्या, तारीख घाला, न दुरुस्त करता ठेवून द्या. ऑक्टोबरात तोच विषय, फेब्रुवारीत परत तोच. वाक्यं किती, स्वतःची किती, फळ्यावरून उतरवलेली किती, एवढं मोजा. शुद्धलेखनाच्या चुका मोजू नका. त्या वाढतात, कारण मूल जास्त लिहू लागतं. हे प्रस्तावातही लिहा, नाहीतर फेब्रुवारीत चुकांचा आकडा बघून समोरचा गोंधळेल.

आणखी एक घोळ वेळापत्रकाचा. कंपनीचं वर्ष एप्रिल ते मार्च, आपलं जून ते एप्रिल. न वापरलेला पैसा चालू, म्हणजे एकाहून अधिक वर्षांच्या, प्रकल्पाचा असेल तर कंपनीला तो वेगळ्या खात्यात टाकून पुढच्या तीन वर्षांत खर्चता येतो. तसा नसेल तर ठरलेल्या सरकारी निधीत भरावा लागतो. त्यामुळे फेब्रुवारी-मार्चमध्ये अचानक फोन येतात. शाळा वार्षिक परीक्षेच्या धावपळीत, आणि तिकडून ‘पंधरा दिवसांत बिलं द्या’. अशा वेळी मिळतंय म्हणून काहीही घेतलं की टॅब येतात आणि कपाटात झोपतात. प्रस्ताव सुरुवातीपासूनच दोन-तीन वर्षांचा मांडला तर ही घाई बरीच टळते.

सरकारी शाळांनी बाहेर हात पसरण्याआधी घरचा डबा उघडून बघावा हे बरं. समग्र शिक्षा या केंद्राच्या शालेय योजनेच्या निकषांत सरकारी शाळांच्या ग्रंथालयासाठी शाळेच्या स्तराप्रमाणे वर्षाला ५ हजारांपासून २० हजारांपर्यंत तरतूद आहे. हातात किती आणि कधी पडतं ही गोष्ट वेगळी. पण ‘पुस्तकं नाहीत’ असं लिहिण्याआधी शाळेची ग्रंथालयाची नोंदवही तपासा, समोरचा तपासतो.

परदेशातल्या माजी विद्यार्थ्याचं तेवढं जपून. भारतीय पासपोर्ट असलेल्या माणसानं स्वतःच्या बचतीतून दिलेला पैसा विदेशी देणगी धरत नाहीत, मग तो दुबईत असो की न्यू जर्सीत. त्यानं तिकडचं नागरिकत्व घेतलं असेल तर तीच रक्कम विदेशी देणगी होते आणि एफसीआरए, म्हणजे विदेशी देणग्यांच्या कायद्याखालची, नोंदणी किंवा पूर्वपरवानगी असल्याशिवाय घेता येत नाही. गावचा पोरगा आहे, मराठी बोलतो, याचा इथं उपयोग नाही.

तर त्या गुरुजींच्या फाईलचे आम्ही दोन अर्ज केले. कारखान्याच्या संचालकाला एक पान: वह्या, भित्तिपत्रकाचे बोर्ड, हस्तलिखिताची छपाई, प्रकाशन मार्चमध्ये, अध्यक्षांच्या हस्ते. कागलकडच्या एका कंपनीला नऊ पानं: चार शाळा, दोन वर्षं, वाचून दाखवणाऱ्या ताईचं मानधन, शिक्षकांच्या कार्यशाळा, तीन वेळा घेतलेल्या लेखनाचा तक्ता. अर्जदार म्हणून तालुक्यातला एक नोंदणीकृत न्यास घेतला, सीएसआर-१ चा क्रमांक पहिल्या पानावर ठळक. एकच खर्च दोन्हीकडे दाखवला नाही ना, हे गुरुजींनी आणि मी दोनदा तपासलं, आणि वह्यांची रक्कम एका जागी दोनदा धरलेली सापडलीच.